जूनची रेघ

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा उगाच डॉक्टरांवर राग काढायचा.

आमचे हे विजेच्या खात्यात लाइनमन. वीस वर्षं खांबांवर चढले आणि गेल्या डिसेंबरात एकदाच पडले. ‘एकदाच’ हा शब्द त्यांचा. पायाखालची लोखंडी पायरी निसटली तेव्हा त्यांनी उजव्या हाताने वरची आडवी पट्टी धरली. पट्टी जागेवर राहिली, हे खाली आले, आणि त्या ओढाताणीत खांद्यातल्या नसा तुटल्या. दवाखान्यात म्हणाले, हात राहिला हेच खूप. तो कितपत उचलला जाईल ते सांगता येत नाही.

मी शाळेत पीटीची बाई आहे. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर मी आठवीच्या पोरांकडूनही घेत नाही.

हे घरी आल्यावर आमचं घर उजवीकडून डावीकडे सरकलं. पाण्याचा पेला डावीकडे, दाढीचं सामान डावीकडे, ताट घसरू नये म्हणून त्याखाली ओला फडका. पलंगावरच्या बाजू एकोणीस वर्षांनी बदलल्या, त्यामुळे पहिले आठ दिवस मी रोज सकाळी भिंतीवर आपटून उठले. डोक्यातून घालायचे टी-शर्ट मुलीने पटकावले आणि ह्यांच्यासाठी बटणांचे शर्ट आले. ती बटणं डाव्या हाताने लावताना हे जी भाषा वापरत, तीही मुलीने त्याच महिन्यात पटकावली.

स्वयंपाकघरातला बल्ब गेला तो लाइनमनच्या घरात अकरा दिवस गेलेलाच राहिला. मी बदलायला निघाले की हे म्हणायचे, “थांब, मी करतो.” बाराव्या दिवशी मी स्टुलावर चढले. ह्यांनी डाव्या हाताने स्टूल धरलं आणि खालून सूचना दिल्या. मला सात मिनिटं लागली. “एवढ्या वेळात आम्ही अख्खी वस्ती उजळतो,” हे म्हणाले. मग न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून बसले. नळ कशाला सोडलाय ते मला कळत होतं. मी दार वाजवलं नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक साधी गोष्ट दिली होती. भिंतीसमोर उभं राहायचं, उजव्या हाताची दोन बोटं भिंतीला टेकवायची आणि ती चालवत चालवत हात वर न्यायचा. आम्ही फ्रिजशेजारची भिंत निवडली. हात अडकला की मी मागून ओरडायचे, “अजून थोडा!” उंच उडीला, लांब उडीला, दोरावर लटकलेल्या पोराला मी बावीस वर्षं हेच ओरडत आलेय. मला दुसरं काही ओरडता येत नाही. सुरुवातीला शिट्टीही वाजवायचे, पण शेजारच्यांनी हात जोडले. मी ‘अजून थोडा’ म्हटलं की ह्यांच्या कपाळावर घाम यायचा, बोटं थरथरायची, आणि हात खरंच अजून थोडा जायचा.

महिनाअखेरीला मुलगी पेन्सिलीने रेघ मारून शेजारी महिन्याचं नाव लिहायची. जानेवारी स्विचबोर्डाच्या खाली. एप्रिल कॅलेंडरच्या खालच्या कडेला. जून कॅलेंडरच्या मधोमध, म्हणजे ह्यांच्या खांद्याच्या किंचित वर. मला त्यापुढे फ्रिजचं डोकं गाठायचं होतं आणि मग दाराची चौकट. मनातल्या मनात मी चौकटीला डिसेंबर लिहून टाकलं होतं.

जुलैची रेघ जूनवरच पडली. ऑगस्टचीही. मुलीने नवी रेघ न मारता जूनचीच जाड केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बहुतेक एवढाच येईल.” मला तेवढा ‘बहुतेक’ ऐकू आला. घरी येऊन मी दिवसातून तीनदाचा व्यायाम पाचदा केला. ह्यांनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे गेले.

त्याच आठवड्यात खात्याचं पत्र आलं. माझे धाकटे दीर कारकून आहेत, नियमांवरच पोसलेले. भावोजींनी पत्र दोनदा वाचलं आणि आम्हाला समजावलं.

“तपासणीत अपंगत्व चाळीस टक्के निघालं तर दादाला तक्रारींच्या खिडकीवर खुर्ची. चाळिसाच्या आत निघालं तर दादा कामाला लायक. म्हणजे पुन्हा खांब.”

“आणि टक्के कशावर ठरतात?” मी विचारलं.

“हात किती वर जातो त्यावर. खांद्याच्या वर गेला की चाळीस गेले.”

आम्ही चौघांनी फ्रिजशेजारच्या भिंतीकडे पाहिलं.

“म्हणजे आपण अभ्यास करून नापास?” मुलगी म्हणाली.

“अजून पेपर व्हायचाय,” भावोजी म्हणाले आणि खुर्ची ओढून डॉक्टर होऊन बसले. “खोटं बोलायचं नाही, दादा. फक्त दुखायला लागलं की थांबायचं.”

“दुखतं पहिल्यापासूनच,” हे म्हणाले.

भावोजींनी पत्र पुन्हा उघडलं. नियमात ह्याची सोय नव्हती. शेवटी एप्रिलच्या रेघेवर थांबायचं ठरलं. त्यात लबाडी नव्हती असं मी अजूनही म्हणते. एप्रिलपर्यंत हात आपला आपण जातो. त्यापुढे जातो तो माझ्या ओरडण्याने, आणि नंतर तासभर शेकावा लागतो. खांबावर काय मी शेजारी उभी राहून ओरडणार होते?

पण सराव काही जमेना. भावोजींनी “हात वर करा” म्हटलं की हे मेपर्यंत जायचे. एकदा तर जूनला टेकले आणि ऐटीत मुलीकडे पाहिलं.

“दादा, तुला नक्की काय हवंय? खुर्ची की बक्षीस?”

“सवय आहे रे,” हे म्हणाले. मला आतून बरं वाटलं आणि वरून मी त्यांना रागावले. चार दिवसांनी हात एप्रिलवर थांबायला शिकला.

मला खांबाची भीती वाटत होती, ती नीट सांगायला हवी. डिसेंबरात निरोप आला तेव्हा मी मैदानावर होते आणि शिट्टी माझ्या तोंडात होती. निरोप सांगून झाला तरी ती वाजतच राहिली होती म्हणे. मुलं आपली धावत होती, थांब म्हणायला कुणी नव्हतं. आता हे पुन्हा वर जाणार होते. त्यात ह्यांच्या तोंडून ‘नाही जमत’ हे शब्द मी कधी ऐकलेले नाहीत. लग्नाआधी मी ‘तुम्हाला पोहता येतं का’ विचारल्यावर हे हो म्हणाले होते आणि तलावातून ह्यांना मी बाहेर काढलं होतं.

तपासणीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक वजनकाटा होता. डॉक्टर वयाने मोठे, थकलेले. आमच्या आधी सतरा जण झाले होते. त्यांनी कागदावरून मान वर न करता मला भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं आणि ह्यांना म्हणाले, “उजवा हात वर. जमेल तेवढा.”

हात निघाला. तिथली भिंत कोरी होती, पण मला सगळ्या रेघा दिसत होत्या. जानेवारी गेला. मार्च गेला. एप्रिलला हात थांबला, अगदी ठरल्याप्रमाणे, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर तो अडकल्याचा भाव आला. डॉक्टर उठले, कोन मोजायची पट्टी त्यांनी खांद्याला लावली आणि वाकून आकडा वाचू लागले.

“अजून थोडा!” मी ओरडले.

बावीस वर्षांची खोड. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मी चांगली जिवंत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात पुन्हा निघाला. मे, जून, जाड रेघ ओलांडून वर, भिंतीचा आधार नसताना, कधी गेला नव्हता तिथे. मी टाळ्या वाजवत होते. चांगल्या चार टाळ्या वाजवून झाल्या तेव्हा मला आठवलं आपण कुठे आहोत.

डॉक्टरांनी पट्टीवरून मान वर केली. “वा!” ते म्हणाले. “फार छान सुधारणा आहे. मेहनत दिसते.” त्यांनी छत्तीस लिहिलं आणि मनापासून आमचं अभिनंदन केलं. मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

परतीच्या बसमध्ये हे तीन थांबे उजवा खांदा चोळत होते. मग म्हणाले, “जूनच्या किती वर गेला?”

“चार बोटं.”

“मला सहा वाटला.”

मी खिडकीकडे तोंड करून रडले. घरी मुलीने पेन्सिल काढली, पण भिंतीपाशी हात जूनच्या वर जाईना. पाचदा केलं. त्या खोलीत गेला तो गेला. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वहिनी, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले. नवऱ्याच्या पायावर टाळ्या वाजवत पाडणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” मी त्यांना चहा दिला.

खात्याने सोमवारी बोलावलं. तारांवर पाठवण्याआधी मुकादम आवारातल्या सरावाच्या खांबावर चढवून बघणार, हे नव्या पत्रात होतं. वरच्या पट्टीपर्यंत पोचला तर कामावर. नाही पोचला तर मुकादमाने तसं लिहायचं, मग हत्यारांच्या खोलीत खालचं काम. भावोजी खूश झाले. “मग सोपं आहे! दादाने फक्त ‘नाही जमत’ म्हणायचं.”

हे कमरेच्या पट्ट्याला तेल लावत बसले होते. “बघू,” म्हणाले.

मी सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शाळेतून तशीच आवारात गेले. गळ्यात शिट्टी होती. तारांची भेंडोळी, आडवे पडलेले खांब, आणि मधोमध एक उभा खांब, त्याच्याभोवती वाळू पसरलेली. मुकादम ह्यांचा वीस वर्षांचा सोबती. बगलेत रजिस्टर धरून तो माझी नजर चुकवत होता. “वहिनी, तुम्ही कशाला आलात?” म्हणाला. मलाही तोच प्रश्न पडला होता.

ह्यांनी पट्टा एका हाताने खांबाभोवती बांधला आणि चढायला लागले. डाव्या हाताने पायरी धरायची, उजवं कोपर खांबाभोवती अडकवायचं, पाय उचलायचा. एक, दोन, तीन. खाली उभे असलेले सात-आठ जण खांबाच्या जवळ सरकले. सहाव्या पायरीवर डावा हात पट्टा सरकवण्यात अडकला आणि वरची पायरी उजव्या हाताने धरायची वेळ आली.

ह्यांनी उजवी दोन बोटं खांबाला टेकवली आणि चालवायला सुरुवात केली. फ्रिजशेजारी चालवत तशीच. बोटं वर वर जात होती आणि मी खालून महिने मोजत होते. जूनला ती थांबली. पायरी आणखी वीतभर वर होती. बोटं तिथेच थरथरत राहिली, पाठीवरचा शर्ट घामाने चिकटला, आणि मग ह्यांनी मान वळवून खाली माझ्याकडे पाहिलं.

हे वाट बघत होते. मी म्हटलं असतं तर हे गेले असते, ह्याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. शब्द माझ्या जिभेवर होता. तो गिळायचा म्हणजे फ्रिजचं डोकं गिळायचं, दाराची चौकट गिळायची, आणि मुलीने जाड केलेली ती रेघ शेवटची आहे हे सगळ्यांदेखत मान्य करायचं. आठ महिन्यांत ते मी एकदाही मान्य केलं नव्हतं.

“पुरे,” मी म्हणाले. आवाजच फुटला नाही. मग मैदानावरच्या आवाजात ओरडले, “अहो, पुरे झालं! उतरा खाली!”

हे उतरले. घाईने नाही, एकेक पायरी करत. मुकादमाने श्वास सोडला आणि उभ्या उभ्याच रजिस्टरात लिहायला घेतलं. “काय लिहू रे?” त्याने ह्यांना विचारलं.

“लिही, नाही जमत,” हे म्हणाले.

मग वाळू झाडत माझ्यापाशी आले. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि मी ते लपवत नव्हते.

“आठ महिने लागले तुला एवढं म्हणायला,” हे म्हणाले, आणि त्यांनी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. तिथपर्यंत तो आता सहज पोचतो.