झाडावरची पिसं

नाचताना डोक्यात खोचायची माझी पिसं किड्यांनी फस्त केली, आणि तीही माझ्या सख्ख्या पुतणीच्या शहाणपणामुळे.

रॉसलिन आमच्या डोंगरावरच्या शाळेत शिकवते. डोंगरात शेवाळ दिसो, पाखरू दिसो, की बसली लिहायला. पेपरात छापूनही येतं. शिकलेली पोर म्हणून मी तिचं ऐकलं. म्हणाली, "काका, चुलीवरच्या माळ्यावर पिसं धुरानं काळी पडतात. माझ्या पत्र्याच्या घरात पेटीत ठेवा, स्वच्छ राहतील." बापजादे धुरात ठेवायचे ते काय उगीच? सिंगसिंग, म्हणजे आमचा नाचगाण्याचा मेळा, तोंडावर आला, पेटी उघडली, तर आत नुसत्या काड्या!

"आता पुंडियासमोर बोडक्या डोक्यानं नाचू?" मी ओरडलो. पुंडिया म्हणजे माझा मेव्हणा. माझी टर उडवायला कायम टपलेला.

रॉसलिन रडायला लागली. मी धनुष्य काढलं. बापानं माझ्यासाठी ठेवलेल्या झाडावर लाल पिसांचा कुमुल पक्षी नाचायला येतो. झाड माझं, म्हणजे त्याला मारायचा हक्कही माझा. पूर्वी नरांचा थवा यायचा, आता हा एकच उरलाय. रॉसलिनचं बरंचसं लिखाण त्याच्याभोवतीच फिरतं, हे मला ठाऊक होतं. तरी पहाटे निघालो.

ती मागोमाग आली. वाटलं, आता पाय धरणार.

"मारा, काका. चूक माझीच आहे. फक्त त्याला एकदा पुरता नाचू द्या. माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं कुमुल नाचताना बघितलेला नाही. निदान लिहून तरी ठेवते."

एकाही पोरानं नाही? मी तर बापाच्या खांद्यावर बसून रोज बघायचो! तेवढ्यात माद्या आल्या. कुमुलनं पंख पसरले, पिसं उधळली आणि असा थरथरला की मला बाण सोडवेना. मनच झालं नाही माझं.

"चल घरी," मी खेकसलो. "थंडी वाजतेय."

सिंगसिंगला मी डोक्यात नेच्याची पानं खोचून गेलो. पुंडियानं सगळ्यांसमोर बोंब ठोकली, "अरे, ही कोंबडी कोणी सोलली?"

लोक खो खो हसले. लाजेनं माझे कान तापले. पण मीही गप्प बसणारा नाही.

"तुझी पिसं मेलेली आहेत रे! माझी अजून झाडावर नाचतात. बघायची तर उद्या पहाटे ये."

दुसऱ्या दिवशी रॉसलिन अख्खा वर्ग घेऊन आली. पोरं श्वास रोखून वर बघत होती. रॉसलिनच्या डोळ्यांना धार लागली होती आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. पुंडियाही आला होता. मान वर करून तोही बघत राहिला.

मग हळूच म्हणाला, "दाजी, आमच्या झाडावरही असाच एक येतो. पुढच्या सिंगसिंगसाठी मारणार होतो त्याला."

"मग?"

"मग काय! ती पानं डोक्यात टिकतात कशी, तेवढं शिकवा."