बरणीतल्या गोळ्या

साल १९८३. रक्तदाबाची पाहणी मरोळ गावठाणात आली ती त्या वर्षी. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाचे डॉक्टर श्यामकांत दर रविवारी मिस्सा आटोपली की चर्चच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसायचे. ज्यांचा दाब जास्त, त्यांना गोळ्या फुकट. अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना औषध नसलेली नुसती गोळी. दिसायला दोन्ही सारख्याच. मग कोणाला झटका येतो ते बघायचं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण 'फुकट' म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतंय!

माझे दोघे भाऊ, मार्कस आणि फिलिप, त्यात नाव घालून आले. आमच्या मायने, पर्पेच्युआने, दोघांच्या बाटल्या एकाच बरणीत ओतल्या. रोझरी झाली की ती एकेक गोळी दोघांच्या हातावर ठेवी.

"माय, बाटल्यांवर वेगवेगळे नंबर होते गं!" मी म्हटलं.

"एका पोटचे दोघे. एकाला वेगळं, दुसऱ्याला वेगळं, असं माझ्या घरात चालायचं नाही."

घरोघर हेच. गावठाणात कालवण वाटून खातात, तशा गोळ्याही वाटल्या गेल्या.

फिलिपला काही होत नव्हतं. मार्कसच्या मात्र कारखान्यात मशीनसमोर डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी हॉलमध्ये गेले.

"डॉक्टर, आमच्याकडे गोळ्या एकत्र झाल्यात. मार्कसला चक्कर येते. त्याला खरं औषध द्या."

"बाटल्या रिकाम्या परत येतात ना? म्हणजे पेशंट नियमित आहे."

"अहो, पण कोणाची गोळी कोण खातंय तेच कळत नाही! साऱ्या गावाचं तेच."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "क्लाराबाई, तुमची दोन नावं काढली, तर मग अख्खं गाव काढावं लागेल. पुढच्या महिन्यात दिल्लीला परिषद आहे माझी."

म्हणजे माणसाला सगळं समजलं होतं.

मी मार्कसला म्हटलं, "ऊठ, अंधेरीला दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ."

"तुला काय कळतं गं? टेलिफोन खात्यात नंबर जोडतेस तू. एवढा मोठा डॉक्टर स्वतः माझा हात धरून दाब बघतो!" भावाची छाती फुगली होती. मूर्ख.

नाताळनंतर चुलतबहिणीचं लग्न होतं. आदल्या दिवशी नवरीला न्हाऊ घालायचं उंबराचं पाणी आणायला सगळे बँड लावून विहिरीवर निघाले. मार्कस सगळ्यांच्या पुढे नाचत होता. विहिरीपाशी तो बसला, आणि उजवी बाजू त्याला उचलताच येईना. बँडवाल्यांना वाटलं, जास्त झालीय.

डॉक्टर श्यामकांतांनी दिल्लीत सांगितलं की मरोळमध्ये खऱ्या आणि खोट्या गोळीत फारसा फरक दिसला नाही. दिसेल कसा? टाळ्या पडल्या. पुढे ते विभागप्रमुख झाले, निवृत्त झाले, आणि आता सकाळी चालण्याचे फायदे या विषयावर भाषणं देतात. माय गेली ती शेवटपर्यंत मार्कसला कोणाची तरी दृष्ट लागली असंच म्हणत. फिलिप वांद्र्याला राहायला गेला, दोनदा लग्न केलं, अजून डुकराचं मटण चापतो.

मार्कस बरीच वर्षं जगला. डाव्या हाताने जेवायचा, अर्धे शब्द गिळायचा. एकदा कोणी तरुण बाई पाहणीसाठी दाब मोजायचं मशीन घेऊन अंगणात आली, तर त्याने आपणहून हात पुढे केला. मी तिला तिथूनच परत पाठवली. त्यावरून तो माझ्याशी रागाने आठवडाभर बोलला नाही.