धुतलेला ब्रश

माझ्या सासूबाई भागूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, म्हणजे स्वच्छतेचा अर्कच. दुष्काळात बिडकीनचे नळ कोरडे पडले, टँकर आला तर आला. पण यांचा तांब्या रोज चकचकीत पाहिजे. गावाबाहेर कारखाने आले, रस्ते रुंद झाले, आत्याबाईंची लाज मात्र होती तेवढीच राहिली.

सरकारी दवाखान्यातल्या कालिंदी सिस्टरनं आमच्या ओट्यावर बायका जमवल्या. "गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो. त्याची तपासणी आता घरीच करायची. हा मऊ ब्रश आत घालून फिरवायचा, नळीत टाकायचा आणि मला द्यायचा. कुणी बघत नाही, शहरात जायला नको, रोजंदारी बुडत नाही. पण कुणाच्या अंगावरून लाल जात असेल, तर मात्र दवाखान्यातच यायचं. आहे का कुणाला तसं?"

सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. आत्याबाईंनी सगळ्यांत आधी. दवाखान्यात टेबलावर झोपण्यापेक्षा मेलेलं बरं म्हणणारी बाई न्हाणीतून नळी घेऊन आली, याचंच मला कौतुक वाटलं.

काही दिवसांनी सिस्टर परत आली. "मावशी, तुमच्या नमुन्यात काहीच सापडलं नाही."

"बरं झालं माय!" आत्याबाईंनी मला चहाची खूण केली.

"बरं नाही. ब्रशला काही लागलेलंच नव्हतं, तपासणार काय? नीट फिरवला होता ना?"

"फिरवला की. मंग धुतला. चांगला दोन पाण्यानं, पिण्याच्या हंड्यातल्या."

मला हसू आवरेना. सिस्टरही हसली. "अहो, धुवायचा कशाला?"

"मंग तसाच देऊ व्हय तुझ्या हातात? रगतानं भरला होता त्यो."

माझं हसू तिथंच विरलं. माझ्या लग्नाआधीच त्यांची पाळी गेली होती.

"कधीपासून जातंय?" सिस्टरनं विचारलं.

"पोळ्यापासून."

आता उन्हाळा चाललेला. मला संताप आला. त्यांचा आणि त्या ब्रशचाही. कुणी बघत नाही, म्हणून तर लपवता आलं! पण खरं सांगायचं तर ब्रश नसता, तर हे त्या मरेपर्यंत बोलल्या नसत्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांना शहरात नेलं. वाटेत कुरकुरल्या, पण आल्या. टेबलावर झोपताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

डॉक्टरबाईंनी तपासलं. "तुकडा तपासायला पाठवते. उशीर केलात, पण अजून वाट बंद झालेली नाही." मग माझ्याकडे वळून विचारलं, "यांना दुखतं का?"

"नाही, तसं कधी बोलल्या नाहीत," मी म्हणाले.

"दुखतंय," आत्याबाई छताकडं बघत म्हणाल्या. "लई दुखतंय. बसवत बी नाय."

सकाळीच त्यांनी माझ्यासमोर बसून घरभराच्या भाकरी थापल्या होत्या.