खालच्या इयत्तेत जागा

"हा धडा तुला पाठ आहे," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "हे वाच."

त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला. शाळेच्या सुट्टीची साधी सूचना होती. दोघी बहिणींतल्या मोठीनं कागद दोन्ही हातांनी धरला. शेजारी खुर्चीच्या काठावर तिचा बाप बसला होता. नळदुरुस्तीची कामं करणारा माणूस, हत्यारांची पिशवी पायाशी, कारण इथून त्याला थेट एका इमारतीच्या गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह बदलायला जायचं होतं. मॅडमनी पोरीचं कौतुक करायला बोलावलं असेल अशा समजुतीनं तो धुतलेला शर्ट घालून आला होता.

मोठी वाचेना. तिनं कागद टेबलावर ठेवला, कडेला कड नीट जुळवून.

"वाच ना गं," बाप म्हणाला. "एवढंसं तर आहे."

"येत नाही, बाबा."

"काय येत नाही?"

"वाचता."

नववीतली मुलगी. बापाला आधी वाटलं, पोरगी घाबरली. मग मॅडमनी तिची उत्तरपत्रिका उघडून त्याच्यासमोर धरली. पानभर मोत्यासारखं अक्षर. नळवाला फार शिकलेला नव्हता, पण अक्षर लावून वाचायचा. त्यानं पहिलं उत्तर वाचलं, मग दुसरं. प्रत्येक उत्तराच्या जागी प्रश्नच पुन्हा लिहिलेला होता. सुंदर, गोल, एकही काना न चुकवता.

"चित्र काढावं तशी अक्षरं काढते ती," मॅडम म्हणाल्या. "दहावीत घालण्याआधी यंदा मी एकेकाला इथं बोलावून वाचायला लावलं, म्हणून कळलं. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

त्याला माहीत नव्हतं. पंपाच्या खोल्यांवर लावायच्या पाट्या तो पोरीकडूनच लिहून घ्यायचा. पाणी जपून वापरा. पंप चालू असताना हात लावू नये. तो कागदावर वेडंवाकडं लिहून द्यायचा, ती पाटीवर देखणं उतरवायची, आणि तो गिऱ्हाइकांना सांगत फिरायचा की अक्षर माझ्या मुलीचं आहे.

मॅडम वाईट बाई नव्हत्या, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी आवाज चढवला नाही. पण शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक होता आणि त्या फलकाखालूनच त्यांना रोज आत यावं लागायचं. "दहावीला मी हिला बसवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "नववीत नापासाचा शेरा मारला तर दुसरी कुठलीही शाळा हिला दारात उभी करणार नाही. तुम्ही स्वतःहून आज दाखला नेलात तर शेरा लागणार नाही. आज ऑफिस बंद व्हायच्या आत. उद्या निकाल वर जातो."

"मग खाली बसवा हिला. आठवीत बसवा."

"आठवी पास आहे ती. कॉम्प्युटरवर एकदा वर गेलेलं मूल खाली आणता येत नाही."

"मग वाचायला शिकवा."

मॅडमनी चष्मा काढला. "इथं वाचायला शिकवत नाहीत हो. वाचता येणाऱ्यांना पुढचं शिकवतात. ती आमच्याकडे अशीच आली. सातवीपर्यंत समोरच्या शाळेत होती, तिथं विचारा."

बाहेर रस्त्यावर बापानं पोरीला थांबवलं. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तोंडानं सांगता आलं नाही?"

"कुणी विचारलंच नाही. वही उघडली की सगळे अक्षर बघायचे." मग ती हळूच म्हणाली, "धाकटी रात्री धडे वाचून दाखवते. मी पाठ करते. तिला रागावू नका."

धाकटी चौथीत होती. नऊ वर्षांच्या पोरीनं हे पोटात ठेवलं आणि आपण रोज ताटाला ताट लावून जेवत होतो, हे नळवाल्याच्या मनातून जाईना. त्यानं मोठीला घरी पाठवलं आणि पिशवी खांद्याला लावून रस्ता ओलांडला.

वरच्या मजल्यावर पाणी चढलं नाही तर तो एकेक मजला उतरत खाली जायचा. कुठंतरी तुंबलेलं सापडायचंच. आज त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. शिवाय त्या गावातल्या शाळांची मांडणीही तशीच होती, एकावर एक रचलेली. तळाला बालवर्ग, त्यावर पहिली ते चौथी, त्यावर पाचवी ते सातवी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर आठवी, नववी, दहावी. प्रत्येक शाळेची इमारत वेगळी, साहेब वेगळे, आणि शिकवणाऱ्याला हाक मारायची रीतसुद्धा वेगळी. तळाला ताई, मग गुरुजी, मग सर आणि वर मॅडम. पोरं शिकोत न शिकोत, हाका मारायला मात्र पक्क्या शिकायची.

सरांनी त्याला ओळखलं. चहा मागवला. मोठीचं नाव काढल्यावर चेहरा खुलला. "वा, तिला कोण विसरेल? हस्ताक्षराचं बक्षीस मीच दिलं होतं तिला."

"तिला वाचता येत नाही, सर."

सरांचा कप अर्ध्यात थांबला. मग ते बरंच बोलले. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असा नियम, वर्ग भरलेले, वरून माहितीचे तक्ते मागत राहतात, एकेकाला उभं करून वाचून घ्यायला दिवस पुरत नाही. सगळं खरंच होतं. नळवाला मान हलवत राहिला आणि सर थांबल्यावर म्हणाला, "तिला पाचवीत परत घ्या."

सर हसले. मग त्याच्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले.

"मागं बसेल ती, सर. बाक मी करून आणतो. हजेरीत नाव नको. नुसतं बसू द्या."

"अहो, दहा वर्षांच्या पोरांत पंधरा वर्षांची मुलगी? उद्या पालक माझ्या उरावर बसतील. आणि खरं सांगू का, वाचायला पाचवीत नाही शिकवत. ते चौथीपर्यंत झालेलं असतं. व्हायला हवं होतं. तुम्ही गुरुजींना भेटा."

प्राथमिक शाळेच्या एका खोलीत दोन वर्ग होते. पहिलीची तोंडं एका भिंतीकडे, दुसरीची समोरच्या भिंतीकडे, आणि मधोमध गुरुजी. दाराजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ टपकत होता. नळवाल्याचे हात आपोआप पिशवीत गेले. वायसर बदलता बदलताच त्यानं सगळं सांगितलं. गुरुजींकडे बघायचं नसलं की हातात काम बरं असतं.

"तुमची पोर गप्प बसायची," गुरुजी म्हणाले. "फळ्यावरचं उतरवून पाटी दाखवायची. मी टिक करायचो. काय करू? जे रडतं, मारामारी करतं, चड्डी ओली करतं, त्याच्याकडे जातो मी. गप्प पोराकडे जायला मला फुरसत कधी झाली नाही. तुम्ही मला शिव्या द्या, मी ऐकून घेतो."

शिव्या देता आल्या असत्या तर बरं झालं असतं. नळवाल्यानं नळ बंद केला, उठला, आणि त्यालाच नवल वाटेल असं काहीतरी त्याच्या हातून झालं. त्यानं गुरुजींचा हात घट्ट धरला आणि सोडेचना. दुसरीची पोरं वळून बघायला लागली.

"पहिलीत घ्या तिला, गुरुजी. पाया पडतो तुमच्या."

"हात सोडा. पोरं बघताहेत." गुरुजींनी मोकळ्या हातानं पोरांना भिंतीकडे वळायची खूण केली. "पटावर तिचं वय टाकलं की ऑफिसातून फोन येईल. पटावर न टाकता बसवली आणि तपासणी आली तर संपलंच; ही अर्धी शाळा बंद करायला ते निमित्तच शोधताहेत. माझ्या हातात असतं तर..."

वाक्य पुरं झालं नाही. दुपार कलत आली होती. गच्चीवरच्या गिऱ्हाइकाचा फोन वाजला, नळवाल्यानं तो न बघताच बंद केला. आता खाली एकच मजला उरला होता. तिथं काय मिळणार होतं हे त्यालाही ठाऊक होतं, पण घरी जाऊन काय सांगायचं हे मात्र ठाऊक नव्हतं, म्हणून तो चालत राहिला.

बालवर्ग एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. मुलं घरी गेली होती आणि ताई एकट्याच सतरंजी झटकत होत्या. केस पांढरे, पदर खोचलेला. दिवसभर गिळलेला राग नळवाल्यानं त्या म्हाताऱ्या बाईवर काढला. इतरांवर काढायची त्याची छाती झाली नव्हती.

"तुम्ही काय शिकवलंत माझ्या पोरीला?"

"गाणी," ताई म्हणाल्या. "आणि रांगेत उभं राहून हात धुवायला. कोण तुमची मुलगी?"

त्यानं सांगितलं. ताईंनी आठवून बघितलं आणि मान हलवली. "नाही हो आठवत. किती आली, किती गेली. खोटं कशाला सांगू."

आज पहिल्यांदा कुणी मोठीच्या लिहिण्याचा विषय काढला नव्हता. नळवाला पायरीवर बसला आणि तोंडावर रुमाल धरून रडला. ताईंनी सतरंजी पुरती झटकली, घडी घातली, मग विचारलं, "तुम्हाला हवंय तरी काय?"

"तिला परत घ्या."

"आणा."

त्यानं वर बघितलं.

"आणा म्हणते. माझ्याकडे कुठं कॉम्प्युटर आहे? मोठ्या गटाची अक्षरं परवाच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलीत. पण ऐकून घ्या. माझ्याकडे दाखला नाही, परीक्षा नाही. तिची दहावी होईल असं मी म्हणत नाही. वाचायला येईल का, तेही सांगू शकत नाही. लाज वाटेल तिला. तुम्हालाही वाटेल."

ऑफिस बंद व्हायला आलं तेव्हा नळवाला पुन्हा त्या फलकाखालून आत गेला. कारकुनानं दाखला तयारच ठेवला होता. अभ्यासातील प्रगती समाधानकारक. वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचे कारण, पालकांची विनंती. नळवाल्यानं ते लावून लावून वाचलं आणि दाखवल्या जागी सही केली. या घरात असलं खोटं वाचून त्याखाली सही करण्याइतकं तरी वाचता येतं, हेच त्या क्षणी त्याच्या जिवाला लागलं.

घरी बायको ऐकून भिंतीला टेकून बसली. "बालवर्गात? लोक तोंडात शेण घालतील आपल्या. त्यापेक्षा कुठं तरी कामाला लावा तिला. शिवणाच्या कारखान्यात घेतात."

"लावू. तेही लावू."

धाकटी पांघरुणात तोंड खुपसून रडत होती. मोठी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, जणू गुन्हा धाकटीचाच उघडकीला आला होता. तिनं बापाला एकच विचारलं. "तिथं सगळ्यांसमोर वाचायला लावतात का?"

"नाही. तिथं कुणालाच येत नाही."

तिनं धाकटीच्या तोंडावरचं पांघरूण बाजूला केलं. "मग जाईन," ती म्हणाली.

सकाळी तिनं शाळेचा ड्रेस घातला नाही. साधा पंजाबी ड्रेस घातला, वेणी एकच घातली. रस्त्यात तिच्या वर्गातल्या दोघी समोरून आल्या. तिनं मान खाली घातली नाही, पण थांबलीही नाही. बाप दोन पावलं मागं चालत होता. कुणी गाठून विचारलंच तर शिवणाच्या कारखान्यात सोडायला चाललोय असं सांगायचं, हे त्यानं मनाशी ठरवून ठेवलं होतं.

मुलं सतरंजीवर येऊन बसली होती. दारात एवढी उंच मुलगी बघून सगळ्यांनी माना वर केल्या. पुढच्याच रांगेत बसलेल्या, नाक वाहणाऱ्या एका छोटीनं विचारलं, "तू नवी ताई आहेस?"

ताईंनी पोरीची बाजू सावरायला तोंड उघडलं. मदतीला आली आहे, असं त्या सांगणार होत्या. नळवाल्यालाही वाटलं, हो म्हण बाई, हो म्हणून टाक.

"नाही," मोठी म्हणाली. "मी शिकायला आले."

"तुला अ येतो?"

"काढता येतो. वाचता येत नाही."

छोटीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं नाक बाहीला पुसलं, शेजारच्या मुलाला ढकललं आणि सरकून सतरंजीवर जागा करून दिली.