कापलेला रिपोर्ट

घरात कोणी आजारी असलं की भेटायला येणारे आधी तब्येत विचारतात आणि मग फाइल मागतात. डॉक्टरच असल्यासारखी पानं उलटतात, मान हलवतात, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी. हे आपल्या सगळ्यांच्याच घरी होतं. आपल्या घरी होऊ नये म्हणून अक्काने दोन वर्षांपूर्वी एक उपाय केला होता. धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं, बायोप्सीचा रिपोर्ट आला, आणि अक्काने कापडाच्या कात्रीने त्यातल्या निदानाच्या चार ओळी काढून टाकल्या. अख्खं पान काढलं तर पानांचे नंबर चुकतील, ही अक्कल तेव्हाही शाबूत होती.

अंडाशयाचा कॅन्सर! बाईच्या असल्या जागेचं दुखणं, त्यात अक्काच्या मुलीचं लग्न जमत आलेलं. "गाठ होती, काढली," एवढंच सांगायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे अक्काने ठरवलं. धाकटी तेव्हा भुलीतून पुरती बाहेरही आली नव्हती.

आता आजार उलटला होता. नेहमीची औषधं लागू पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी एका नव्या औषधाची चाचणी सुचवली. तिच्यात कोण बसतं आणि कोण नाही, हे बघायचं काम एका वयस्कर नर्सबाईंकडे होतं. आधी कोणते उपचार झाले, शेवटचा डोस कधी, मूत्रपिंडं कशी आहेत, असं त्या एकेक विचारत गेल्या आणि धाकटी पाठ केल्यासारखी उत्तरं देत गेली. मग त्या म्हणाल्या की या कॅन्सरचेही प्रकार असतात आणि हे औषध त्यातल्या एकाच प्रकारासाठी तपासलं जातंय. तो प्रकार पहिल्या रिपोर्टात असेल. त्यांनी पान उलगडलं, तर मधल्या चौकोनातून खालचं टेबल दिसलं.

"हे काय झालं?"

"उंदीर," अक्का म्हणाली.

नर्सबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तुमच्याकडचा उंदीर काटकोनात कुरतडतो वाटतं."

"अक्का शिवणकाम करते," धाकटी हसत म्हणाली आणि मधेच थांबली. हे पान ती आज पहिल्यांदा बघत होती.

अक्काची कानशिलं तापली. नर्सबाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "नाव तुम्ही कापलंत, आजार तिच्या पोटात तसाच राहिला. लोकांपासून लपवायला गेलात आणि लपलं नेमकं आमच्यापासून." चाचणीत एकच जागा उरली होती. जुन्या हॉस्पिटलातून आठवड्याच्या आत दुसरी प्रत आणली, तर पुढचं बघता येणार होतं.

जुन्या हॉस्पिटलात रेकॉर्डच्या खिडकीशी बसणारी बाई अक्काचीच गिऱ्हाईक निघाली. मागे रांग होती. बहिणीचा रिपोर्ट हवाय म्हटल्यावर तिने विचारलं, कसला? अक्काच्या तोंडून सवयीने "गाठीचा" असं आलं.

"अक्का, गाठींनी कपाटं भरलीत इथली. विभाग सांगा."

अक्काने पदर सावरला, पर्स सावरली. सावरायला आणखी काही उरलं नाही तेव्हा म्हणाली, "कॅन्सरचा. अंडाशयाच्या."

रांगेतल्या एकानेही वळून पाहिलं नाही. एक बाई फोनवर गॅसच्या सिलिंडरबद्दल भांडत होती, ती भांडतच राहिली. याच लोकांच्या धाकाने दोन वर्षं काढली होती!

खिडकीतल्या बाईने मात्र पेन खाली ठेवलं आणि हे सुरू कसं झालं ते विचारलं. अक्काला सांगवेना. त्या वर्षी धाकटीचे कपडे तिने तीनदा कमरेत सैल केले होते आणि बाह्या दोनदा आत घेतल्या होत्या. पोट वाढतंय आणि दंड बारीक होतायत, हे बावीस वर्षं हातात टेप धरणाऱ्या बाईला दिसलं होतं. आणि ती धाकटीला "खा अजून" म्हणून हसली होती. आता समोर बघता बघता तिला दुसरंही आठवलं.

"तुझीही कंबर मी दोनदा सैल केलीय यंदा," ती म्हणाली. "डॉक्टरला दाखव. उद्याच. काही निघणारही नाही, पण दाखव."

प्रत चौथ्या दिवशी मिळाली. प्रकार जुळला, रक्ताच्या तपासण्याही जुळल्या. औषधाचा गुण येईलच असं नाही, त्रासही होईल, आणि नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडता येईल, असं नर्सबाईंनी दोनदा समजावलं. मग संमतीचा कागद पुढे आला. अक्काचा हात सवयीने पेनाकडे गेला. नर्सबाईंनी कागद धाकटीकडे सरकवला.

धाकटीने सगळी पानं वाचली, दोन प्रश्न विचारले, सही केली. मग अक्काला म्हणाली, "यापुढे कोणी विचारलं तर काय ते मी सांगेन. तू नुसती सोबत बस."

अक्काने मान हलवली. वर बघण्याइतकं धैर्य तिच्यात नव्हतं.

वाचकहो, आजार काही कोणाचं पाप नव्हे. त्याचं नाव डॉक्टरांसमोर खणखणीत घ्या. लोकांसमोर घ्यायचं की नाही, ते ज्याचं शरीर त्याला ठरवू द्या. आणि आपल्या घरच्या फाइलमधून आपण काय काय कापून ठेवलंय, ते आजच उघडून बघा. कोणी ते पान मागेपर्यंत थांबू नका.