दोणीतली मीनमाता

मारुतीच्या पारासमोर सकाळपासून माणसांचा नुसता चिखल झाला होता. वडवणीचा बाजार सोडून लोक घाट चढून खापरवाडीला आले होते, चौसाळ्याकडून दोन बैलगाड्या भरून बाया आल्या होत्या. आणि कशाला? तर एक मासा बघायला.

हसू नका. घाटमाथ्यावरच्या या कोरड्या गावात मासा म्हणजे बाजारातली सुकट. निम्म्या गावानं जिवंत मासा कधी पाहिलाच नव्हता. त्यात हा मासा शेपटीकडून पोहायचा! वळायचा नाही, फिरायचा नाही, होता तसा सरळ मागं. विळ्याच्या पात्यासारखं चपटं रुपेरी अंग आणि पोटाखाली शेपटीपर्यंत लहरणारी झालर. लाकडी दोणीत तो ठेवला होता. दोणी अर्धी काळ्या घोंगडीनं झाकलेली. त्याला गाभारा म्हणायचं.

दोणीच्या कडेला मीननाथबाबा बसले होते. पोट चांगलं, आवाज त्याहून चांगला.

"अलख निरंजन! मच्छिंद्रनाथ ज्या मासोळीच्या पोटी जन्मले, तिच्या वंशातली ही माता! पुण्यवान समोर बसला की पुढं येती, पापी बसला की तोंड न फिरवता मागं सरती. एका नवाबानं हिच्या बदल्यात हत्ती देऊ केला. आमी म्हणलो, हत्ती घेऊन काय करू? हत्ती काय उलटा चालतो?"

"मीनमाता की जय!"

मासोळी मधूनच वर येऊन 'बुडुक' असा आवाज करी. लगेच बाबा हात जोडीत. "ऐकलं? हुंकार दिला मातेनं."

ही वंशावळ कुणी लिहून ठेवली, असं एकानंही विचारलं नाही. विचारायला डोकं लागतं, आणि ते सगळ्यांनी जोड्यांबरोबर पाराखाली काढून ठेवलं होतं.

गर्दीच्या कडेला शिवकन्या डोईवरचा पदर ओढून, तान्ह्या लेकाला छातीशी धरून बसली होती. आज निवाडा तिचा होता. ती गंगाकाठची लेक. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. आश्रुबाशी लग्न होऊन ती इथं आली, आणि दुसऱ्याच वर्षी गावच्या विहिरी आटल्या. पाऊस पडला नव्हता, पण ते कोण ध्यानात घेतो? बबनराव पाटलांनी शोध लावला होता : नदीकाठची बाई, तिनं करणी करून पाणी माहेरी ओढून नेलं. तालुक्याच्या कचेरीत हुशार म्हणून गणला जाणारा हा माणूस! त्यानं ठरवून टाकलं होतं, मासोळी मागं सरली तर बाईनं आजच्या आज माहेरची वाट धरायची. पोरगं मात्र गावचं, ते इथंच राहील.

पोर अंगावर पीत होतं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आधी वानगीदाखल दोन निवाडे झाले. बबनराव स्वतः दोणीपुढं बसले. बाबांचा चेला सुग्रीव आरतीची थाळी घेऊन शेजारी उभा राहिला. मासोळी घोंगडीखालून डौलात बाहेर आली. जयजयकार! मग बकरी चोरल्याचा आळ असलेला एक गुराखी बसला. सुग्रीवनं थाळी ओवाळली आणि मासोळी सर्रकन मागं.

"धरा बे चोराला!" बबनराव ओरडले.

शिवकन्या मासोळीकडं बघत नव्हती. असल्या मासोळ्या तिनं माहेरी टोपलीभर पाहिल्या होत्या. ती थाळीकडं बघत होती. चिंचेनं घासलेली पितळी थाळी, आरशागत. पाटलांच्या वेळी ती सुग्रीवच्या काखेत होती आणि त्याची सावली दोणीवर पडली होती. गुराख्याच्या वेळी थाळी कलली, आणि उन्हाचा कवडसा पाण्यात नेमका मासोळीच्या तोंडावर पडला.

पण सांगणार कसं? चार माणसांत थोरामोठ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही रीत. ती शेजारी बसलेल्या सासूच्या कानाशी लागली.

"आत्याबाई, निवाड्याआधी बाबांस्नी ओवाळू द्या की मला. मातेसमोर मानानं बसवा त्यांस्नी."

सासूला ते पटलं. तिनं मोठ्यानं सांगितलं. बाबा फुलले, आणि सरकून दोणीपुढं बसले. सुग्रीव मात्र थाळी सोडीना.

"ही मातेची थाळी हाय. बाईमाणसानं शिवायची न्हाई."

"ओवाळायचं काम बाईचंच असतंय बे!" बबनराव खेकसले. "का तुझ्या घरी तूच ओवाळतोस?"

हशा झाला. थाळी शिवकन्येच्या हाती आली. लेकाला सासूकडं देऊन ती उभी राहिली. एकदा ओवाळलं, दुसऱ्यांदा ओवाळताना थाळी जराशी कलती केली.

मासोळी सर्रकन मागं.

पापी कोण बसलं होतं दोणीपुढं?

"मातेला... मातेला नजर लागली!" बाबा उठायला लागले.

"बसा की बाबा, कावून उठता?" शिवकन्या भर पारावर बोलली. रीत गेली खड्ड्यात. "आता पुढं आणते बघा." तिनं थाळी पदराआड घेतली आणि दोणीवर आपली सावली धरली. थोड्या वेळानं मासोळी हळूच बाहेर आली. पुन्हा कवडसा पाडला, पुन्हा ती आत गेली.

"चालट म्हणत्यात आमच्याकडं हिला. दिवसा अंधारात दडती, उजेड डोळ्याला लागला की मागं सरती. पोटाखालची झालर उलटी हालवली की झालं. आन हुंकार कसला? श्वास घ्यायला वर येती बिचारी. कुणालाबी थाळी द्या, माता त्याचंच ऐकंल."

सगळ्यात आधी गुराखी पुढं आला. त्यानं थाळी घेतली आणि बबनरावांकडं बघितलं. "बसता का पाटील पुन्हा?"

पाटील बसले नाहीत.

त्या गडबडीत सुग्रीव पसार झाला. बाबांना पोटामुळं ते जमलं नाही. पोरांनी त्यांना वेशीबाहेर घालवलं.

"पण मग पाणी कुणी आटवलं?" बबनराव अजून तिथंच अडले होते.

गर्दीतून आश्रुबा आता उठला. "पाटील, यंदा पाऊस पडला का?"

शिवकन्येनं लेकाला सासूच्या हातातून घेतलं आणि घरची वाट धरली.

एवढा सोपा सवाल विचारायला त्या गावाला सबंध वर्ष लागलं, आणि त्यापायी एका आईचं लेकरू तुटता तुटता राहिलं. बाबा लबाड होताच. पण त्यानं गावाला काही नवं शिकवलं नव्हतं. जे ऐकायची गावाची तयारी झाली होती, तेच त्यानं माशाकडून वदवून घेतलं. तेव्हा बाबांनो, बायांनो, चमत्कार दाखवणारा दारात आला तर एकच करा. त्याला म्हणा, आता हेच आमच्या हातानं करून बघू दे. तो नको म्हणाला की वाद घालू नका, वेशीपर्यंत पोचवून या.