गळाच्या दोन खुणा

झोसिमे मासेवालीनं टोपली खाली ठेवली, हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि नहूमचा उजवा हात उचलून त्याचा तळवा आपल्या डोळ्यांना लावला.

नहूम नदीकाठच्या दगडावर बसून जाळं सांधत होता. त्यानं दातांत धरलेला दोरा सोडला.

"अगं, सभेत करतेस ते ठीक. इथे भर बाजारात कशाला?"

"धाकटी तापली आहे, बाबा. म्हटलं आधी तुमचा हात घ्यावा, मग दुकान मांडावं."

"माझ्या हातानं ताप उतरत असता तर मी लोकांची जाळी सांधत बसलो असतो का? वाळुंजाची साल उकळून दे तिला."

"ती देतेच. पण हातही हवा. देवानं धरलेला हात आहे हा."

नहूम हसला. त्याची ग्रीक बाजारापुरती होती. मासे, दोरी, भाव, शिव्या. अंत्युखियाच्या लोकांचं बोलणं जरा फुगवलेलं असतं, हे त्याला इतक्या वर्षांत सवयीचं झालं होतं.

"देवानं सगळ्यांचेच हात धरलेत," तो म्हणाला.

"तसं नव्हे हो. तुमच्या हातात रुतलेला गळ काढला ना त्यानं! नुसतं बोट लावलं आणि गळ आपोआप बाहेर आला. रक्ताचा थेंब नाही. तुमच्या मर्ताताई सांगतात तेव्हा माझ्या अंगावर शहारा येतो."

"थेंब नाही?" नहूमनं विचारलं. "माझा अंगरखा भिजला होता."

झोसिमे त्याच्याकडे बघत राहिली. म्हातारा थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं.

"आणि मग तो काय म्हणाला? ते सांगते ना मर्ता?"

"सांगतात की. म्हणाला, तुझं दुखणं मी घेतलं."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी कुठे काय?" झोसिमेनं टोपली उचलली. "वाम ताजी आहे आज, पण तुम्ही यहुदी कुठले खाणार! खवले नाहीत ना तिला."

ती गेली. नहूमनं तळवा उघडून समोर धरला. अंगठ्याखालच्या मांसल भागात दोन खुणा होत्या. एक फाटलेली, वेडीवाकडी. तिच्यापासून बोटभर अंतरावर दुसरी, बारीक आणि गोल.

पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. नहूम तेव्हा गालीलच्या सरोवरावर एलियाशिब नावाच्या मालकाच्या नावेवर कामाला होता. नुकतंच लग्न झालेलं. एका सकाळी मोठा गळ त्याच्या हातात रुतला. येशू त्या दिवशी त्यांच्याच नावेवर होता. सुताराचा मुलगा असल्यानं हत्यारं धरायची त्याला सवय होती, पण गळाची नव्हती. त्यानं गळ धरला आणि आला तसा मागे ओढला. गळाला उलटा काटा असतो, ओढला की तो मांस धरतो. नहूम किंचाळला. येशूचा चेहरा पांढरा पडला. "चुकलं माझं," तो म्हणाला. मग एलियाशिबनं सांगितलं तसं त्यानं गळ पुढे ढकलला, टोक कातडीतून बाहेर काढलं, चिमट्यानं काटा मोडला आणि उरलेली दांडी मागे घेतली. जखमेवर तेल घातलं आणि आपल्या पागोट्याची पट्टी फाडून बांधली. संध्याकाळी भाकरी खाताना त्यानं पुन्हा विचारलं, "फार दुखतंय का रे?"

नहूमला मोठी वचनं पाठ नव्हती. ती सांगणारे दुसरे होते. त्याच्याजवळ एवढीच गोष्ट होती. तिच्यातही त्याला जपायची होती ती दोन शब्दांची माफी. एवढा मोठा माणूस, ज्याच्यामागे गावंच्या गावं येत होती, तो नावेवरच्या एका नोकराला 'चुकलं माझं' म्हणाला होता. त्याच दिवसापासून नहूम त्याचा झाला.

पुढे येशूला मारलं. देवानं त्याला मेलेल्यांतून उठवलं, हे नहूम मानत होता. तो परत येणार, हेही मानत होता. पण उठवणारा एक आणि उठलेला दुसरा, याबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती. रोज सकाळी तो डोळ्यांवर हात ठेवून देव एकच आहे असं म्हणायचा आणि मग जाळ्याला हात लावायचा.

दुपारी तो घरी आला तेव्हा मर्ता मसूर निवडत होती. चाळिशीतली, विधवा, त्याची एकुलती एक उरलेली लेक. दोमनिनाबाईच्या अंगणात येशूला मानणाऱ्यांची सभा भरायची तेव्हा नहूम आपल्या भाषेत बोलायचा आणि मर्ता ते ग्रीकमध्ये सांगायची. अंगणातल्या कुणालाच गालीलची बोली येत नव्हती.

तो तिच्यासमोर बसला.

"'चुकलं माझं' याला ग्रीकमध्ये काय म्हणतात?"

मर्ताचा हात सुपात थांबला.

"कोण बोललं तुम्हाला?"

"म्हणजे बोलण्यासारखं काही आहे."

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "सुरुवातीला सांगत होते, अब्बा. लोक गोंधळायचे. एकानं तर उठून विचारलं, आज गळ चुकला, उद्या न्यायाच्या दिवशी माझा निवाडाच त्यानं चुकवला तर? सगळे हसले. थेओनास म्हणाला, ते वाक्य नको." थेओनास म्हणजे सभेत पोथी वाचणारा.

"आणि रक्त? तेही थेओनासनंच पुसलं?"

"रक्त मी नाही काढलं. ते लोकांनी काढलं. एकदा चूक गेली की रक्त आपोआप जातं."

"मला विचारायचंस."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणून?"

"म्हणून नाही विचारलं."

नहूमला सभेतल्या संध्याकाळी आठवत होत्या. तो बोलायचा, थांबायचा, मर्ता बोलायची, लोकांचे डोळे भरायचे. आपलं म्हणणं पोचलं, असं समजून तो पुढचं वाक्य उचलायचा. जाताना प्रत्येक जण त्याचा तळवा डोळ्यांना लावायचा. ही इथली म्हाताऱ्या माणसाला मान द्यायची पद्धत आहे, असं तो समजत आला होता.

"झोसिमे म्हणते, देवानं धरलेला हात. देवानं! मी त्याला 'मारी' म्हणायचो," तो म्हणाला. "माझे धनी. एलियाशिबलाही मारीच म्हणायचो. तुझं नाव मर्ता, म्हणजे धनीण. मग जमू दे सगळ्यांना, पडू दे तुझ्या पाया!"

"मी 'किरिओस' म्हणते. त्याचाही अर्थ धनी. एक तरी दुसरा शब्द सांगा, तो वापरते."

"शब्द ठीक आहे. मलाही बाजारात किरिए म्हणतात. किरिए, जाळं झालं का?"

"पण पोथीत जिथे देवाचं ते नाव येतं, जे आपण उच्चारत नाही, तिथेही थेओनास किरिओसच वाचतो. ग्रीक पोथीत तसंच लिहिलंय. त्याच अंगणात, त्याच संध्याकाळी लोक दोन्ही ऐकतात. त्यांनी काय समजावं?"

"तू सांगावंस. हा तो नव्हे, असं."

मर्तानं मान वर केली.

"मला तसं वाटत नाही, अब्बा. मला वाटतं, हा तोच."

नहूमला प्रथम तिचे शब्द नीट कळलेच नाहीत. कळले तेव्हा त्याचा हात आपोआप डोळ्यांकडे गेला, सकाळच्या प्रार्थनेला जायचा तसा.

"लढाईत गालीलातून पळालो तेव्हा माझी तान्ही शेलोम माझ्या पाठीशी बांधलेली होती," मर्ता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ती गेली ते मला चालता चालता कळलंसुद्धा नाही. तुम्ही म्हणालात डोंगराकडची वाट धरू, तीही चुकीची निघाली. मी तुम्हाला कधी बोल लावला? पण त्यानंतर मी ज्याला हाक मारली, त्यानं ऐकली. मला चुकणारा नकोय, अब्बा. चुकणारे आपण आहोत तेवढे पुरे."

"आणि मला तोच हवाय. तो माझा माणूस होता, मर्ता. तू तो देऊन टाकलास."

"तुम्ही नाही दिलात? रोज निजताना 'मारन, ता' म्हणता. आमच्या धन्या, ये. एलियाशिबही मेला. त्याला कधी म्हणालात, ये?"

"त्याला देवानं उठवलं नाही."

"बरं, याला उठवलं. मग तो तुमची हाक ऐकतो? इथे तुमची, तिकडे इफिसात आणखी कुणाची, एकाच वेळी? असं ऐकणाऱ्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा."

नहूमला तिच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

"या सभेत मी पूर्ण गोष्ट सांगणार," तो उठत म्हणाला. "माझ्यानंतर ते वाक्य जाणणारी तू एकटीच आहेस. तुझ्या तोंडून ते आलं नाही तर ते माझ्याबरोबर मातीत जाईल. सांगशील?"

मर्ता पुन्हा मसूर निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी झोसिमे लांबूनच ओरडत आली. "उतरला ताप! हातानं उतरला!"

"सालीनं."

"दोन्हींनी, बाबा. भांडताय कशाला?"

"एक सांग. तराजू चुकला तर गिऱ्हाइकाला काय म्हणतेस?"

"माझा तराजू चुकत नाही."

"समज, चुकला."

"मग म्हणते, चुकलं माझं. आणि वर एक मासळी टाकते."

नहूमनं ते ग्रीक शब्द तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. त्याचा उच्चार ऐकून ती पोट धरून हसली. "कुणाची माफी मागायची आहे म्हातारपणी? बाई आहे की काय कुणी?"

सभेच्या संध्याकाळी दोमनिनाबाईचं अंगण भरलं होतं. भाकरी मोडून झाली, पाणी घातलेला द्राक्षारस फिरला, ऑलिव्ह आणि खारवलेले मासे खाऊन झाले. भिंतीवर अजून ऊन होतं. थेओनासनं पोथी वाचली. नहूमनं या वेळी कान देऊन ऐकलं. किरिओस आला, पुन्हा आला, आणि प्रत्येक वेळी लोकांनी मान झुकवली.

मग तो उभा राहिला. सरोवरावरची नाव, सकाळ, गळ. प्रत्येक वाक्याला थांबत होता आणि मर्ता ते ग्रीकमध्ये सांगत होती. "त्यानं गळ मागे ओढला," तो म्हणाला. "काटा मांसात धरला. मी ओरडलो. आणि तो म्हणाला, चुकलं माझं."

मर्ता बोलली. बरंच बोलली, सुंदर लयीत. त्यात झोसिमेनं शिकवलेले शब्द नव्हते.

"मर्ता."

"सांगितलं, अब्बा."

"नाही सांगितलंस."

तिनं खाली पाहिलं. अंगणात चुळबुळ झाली. नहूमनं उजवा तळवा सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि आपल्या मोडक्या ग्रीकमध्ये म्हणाला, "तो आधी चुकला. इथे. म्हणाला, चुकलं माझं. मग बरोबर. इथे. रक्त पुष्कळ."

लोक गोंधळून एकमेकांकडे पाहू लागले. फक्त झोसिमे मागून पुटपुटली, "अगं बाई, म्हणून विचारत होते होय!"

थेओनास हळूहळू उठला. तो आता भांडेल, असं नहूमला वाटलं. भांडण झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण थेओनासचे डोळे भरले होते. तो लोकांकडे वळून बोलू लागला, आणि ज्या चेहऱ्यांवर आत्ता गोंधळ होता ते एकेक करून उजळत गेले.

"काय म्हणतोय?" नहूमनं विचारलं.

मर्तानं या वेळी एक शब्दही गाळला नाही. "म्हणतोय, बघा किती खाली उतरला तो. चुकण्याइतका खाली. ज्यानं समुद्र केला, मासे केले, त्यानं एका कोळ्यापुढे मान खाली घातली. आपण हे इतकी वर्षं का ऐकलं नाही, असं विचारतोय."

लोक गुडघ्यांवर आले. कुणीतरी गाणं धरलं. दोमनिनाबाई रडत पुढे आली आणि तिनं नहूमच्या तळव्यावरच्या फाटक्या खुणेवर, त्या चुकीच्या खुणेवर, ओठ टेकले.

नहूम तसाच उभा राहिला. त्याच्याजवळची शेवटची गोष्ट त्यानं बाहेर काढली होती आणि तीही त्यांनी घेतली होती.

सभा संपवायचं काम त्याचं असायचं. सगळ्या ग्रीक बोलण्यात तेवढे दोनच शब्द त्याच्या भाषेतले उरले होते. तो म्हणायचा आणि अंगण त्याच्यामागून म्हणायचं. आताही लोक थांबले. 'मारन' त्याच्या जिभेवर आलं. या 'आमच्या'त कोण कोण येतं आणि ते कुणाला हाक मारतात, ते त्याला आता माहीत होतं. हाक मारायची नाही, असंही त्यानं क्षणभर ठरवून पाहिलं. ते जमलं नाही. पन्नास वर्षं तो कुणालातरी बोलावत होता आणि आज त्याला तो कधी नव्हे इतका हवा होता.

"मारी," तो हळूच म्हणाला. "मारी, ता."

माझ्या धन्या, ये.

"मारन, ता!" अंगण एका आवाजात म्हणालं. फरक कुणाच्या कानाला लागला नाही. मर्ताचे ओठ उघडले आणि तसेच राहिले.

दारापाशी लोक नेहमीसारखे रांगेनं आले. नहूमनं उजवा हात अंगरख्यात गुंडाळून घेतला होता.

"बाबा, हात?" झोसिमे म्हणाली.

त्यानं डावा पुढे केला. "हा घे. हा माझा आहे."

ती गोंधळली. मग तिनं तो डोळ्यांना लावला नाही, नुसता धरून ठेवला, आणि म्हणाली, "केवढा गार पडलाय हो!"

सगळे गेल्यावर मर्ता आली. उतारावर आधार द्यायला तिनं नेहमीसारखा दंड पुढे केला, पण त्यानं तो धरला नाही.

"शेवटी काय म्हणालात तुम्ही?" तिनं त्यांच्या बोलीत विचारलं.

"तू ऐकलंस."

"अब्बा..."

"त्यांना सांगू नकोस," नहूम पायऱ्या उतरत म्हणाला. "ते तुला छान जमतं."